लपलेलं गाव वेबी

पहिला दिवस : गुरुवार, ९ जानेवारी २०२५

विमानात निम्मी माणसं मराठी होती. वीर सावरकर विमानतळावर चाकं टेकली तेव्हा मागच्या रांगेतल्या आजोबांनी हात जोडले, आणि त्यांचं बघून आम्ही दोघी बहिणींनीही जोडले. पोर्ट ब्लेअरचं नाव आता श्री विजयपुरम झालंय, पण रिक्षावाल्यापासून दुकानदारापर्यंत सगळ्यांच्या तोंडी अजून जुनंच आहे.

दुपारी सेल्युलर जेल पाहिला. इमारतीच्या सात पाख्यांपैकी तीन उरली आहेत. तात्यारावांच्या कोठडीसमोर बराच वेळ उभ्या राहिलो. त्याबद्दल मराठीत भरपूर लिहिलं गेलंय, मी त्यात भर घालत नाही. एवढंच सांगते, की विमानातली बाकीची मंडळी उद्या हॅवलॉक बेटावर आणि परवा नील बेटावर जाणार होती. आम्ही जाणार होतो उत्तरेला, मायाबंदरजवळच्या वेबी नावाच्या गावात.

हे नाव मला शेजारच्या मुलीनं सांगितलं. ती अभ्यासासाठी काही महिने दक्षिण अंदमानात वंडूरला राहिली होती आणि तिथे तिच्याबरोबर होडीवर काम करणारी मुलं वेबीची होती. ती म्हणाली, "मावशी, तू जन्मभर पोरांना अक्षरं शिकवलीस ना? मग वेबीला जा. आणि सुपारीच्या बागा तर अशा आहेत, की तुला दिवेआगरच वाटेल." या दोन वाक्यांवर मी तिकिटं काढली. एकतीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरी शिकवली आहे. आणि दिवेआगरच्या वाडीबद्दल पुढे सांगते.

सावरकर बंधूंना १९२१ साली अंदमानातून हलवलं. त्याच सुमाराला काळ्या पाण्याची ही वसाहत हळूहळू बंद करायचं इंग्रज सरकारनं ठरवलं होतं. कैदी येणार नसतील, तर जंगल तोडायला, ओंडके ओढायला, शेतं करायला माणसं कुठून आणायची? मग ठिकठिकाणाहून माणसं आली, काही आपण होऊन, काही नाइलाजानं. छोटा नागपूरचे आदिवासी मजूर, ज्यांना इथे सरसकट 'रांचीवाले' म्हणतात. मलबारातल्या बंडानंतर पाठवलेले मोपला. संयुक्त प्रांतातले भांतू जमातीचे लोक. आणि १९२५ साली ब्रह्मदेशातले करेन. अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनचे डॉ. मार्शल यांच्या पुढाकारानं करेनांची पहिली कुटुंबं जंगल खात्याच्या कामासाठी आली आणि इथलीच झाली. त्यांनी वसवलेलं पहिलं गाव म्हणजे वेबी. त्यांच्या भाषेत या नावाचा अर्थ आहे 'लपलेलं नगर'.

जेलमधला वाटाड्या त्याची गोष्ट जिथे संपवतो, तिथून वेबीची सुरू होते.

दुसरा दिवस : शुक्रवार, १० जानेवारी

पहाटे चारची बस. जिरकाटांगच्या नाक्यावर काळोखात गाड्यांची लांबलचक रांग लागली होती. इथून पुढे जारवा आदिवासींचं राखीव जंगल सुरू होतं. सहा वाजता फाटक उघडलं आणि पुढे-मागे पोलिसांची गाडी ठेवून सगळा ताफा निघाला. मध्ये थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, ताशी चाळीसच्या वर जायचं नाही.

या रस्त्याबद्दल मनात टोचणी होती आणि ती लिहायलाच हवी. जारवांच्या जंगलातून जाणारा अंदमान ट्रंक रोडचा भाग बंद करावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये दिला होता. रस्ता आजही चालू आहे. उत्तरेकडच्या माणसांना दवाखाना, बाजार, कॉलेज यांसाठी तोच लागतो, हे खरं. आणि त्याच रस्त्यानं रोज शेकडो गाड्या कुणाच्या तरी अंगणातून जातात, हेही खरं. बसमधली दोन माणसं खिडकीला नाक लावून बसली होती. वाटेत कोणी दिसलं का, हे मी लिहिणार नाही. परतीला काहीही झालं तरी बोटीनं यायचं, हे आम्ही तिथेच ठरवलं.

मिडल स्ट्रेटला बस तराफ्यावर चढली आणि पलीकडे बारातांगला उतरली. पर्यटक बहुतेक तिथेच उतरतात, चुनखडीच्या गुहा बघायला. त्यानंतर बसमध्ये उरली ती गावाकडची माणसं : कोंबडीची पिल्लं, सिमेंटच्या पत्र्यांचा गठ्ठा, एक शिवणयंत्र. कदमतला, रंगत, बिल्लीग्राउंड. बसमध्ये बंगाली, तमिळ, तेलुगू, सादरी असं सगळं कानावर पडत होतं, आणि दोन वेगळ्या गावची माणसं बोलायला लागली की हिंदी. अंदमानच्या हिंदीला लिंगवचनाची फार फिकीर नाही, पण तिच्यात तुटकपणाही नाही. आम्हाला ती दोन दिवसांत आवडायला लागली.

मायाबंदरला पोचायला दुपारचे दोन वाजले. ज्या घरी उतरायचं होतं तिथले काका रिक्षा घेऊन आले होते. बाजार मागे पडला, खाडीकाठची खारफुटी लागली, मग भातकापणी झालेली शेतं, आणि मग एकदम सुपारीच्या उंच, सरळ रांगा. माझ्या बहिणीनं माझा हात घट्ट धरला. दोघी काहीच बोललो नाही.

सव्वापाचला सूर्य मावळला. सगळ्या देशाचं घड्याळ एक असल्यामुळे इथे संध्याकाळ अशी लवकर येते. साडेसातला गाव झोपलं होतं.

तिसरा दिवस : शनिवार, ११ जानेवारी

घर जमिनीपासून पुरुषभर उंचीवर, लाकडी खांबांवर उभं आहे. खाली मोकळी जागा : तिथे चुलीचं जळण, जाळी, सुपारीच्या गोणी, एक झोळी आणि झोळीत झोपलेलं बाळ. जमीन फळ्यांची. पडौकच्या लाल लाकडाच्या फळ्या वर्षानुवर्षं पाय लागून अशा गुळगुळीत झाल्या आहेत, की अनवाणी चालताना थंडगार वाटतं. मुख्य घराला आता पत्रा आहे, पण स्वयंपाकघरावर धनीपत्ती शाकारलेली आहे. ही खाडीकाठी वाढणाऱ्या एका बुटक्या ताडाची झावळी. काका म्हणाले, पत्र्याखाली बाई रांधायला बसत नाही, डोकं तापतं.

घरात चार पिढ्या आहेत. सगळ्यात वडील आजी, ऐंशीच्या पुढच्या. मुलं त्यांना 'फी' म्हणतात, म्हणजे आजी. आम्हीही फी म्हणायला लागलो. त्यांना हिंदी बेताचंच येतं, पण माणूस कळण्यापुरतं भरपूर येतं.

करेनांना आडनाव नसतं. पुरुषाच्या नावाआधी 'सॉ' लागतं आणि बाईच्या नावाआधी 'नॉ'. काका सांगत होते, शाळेच्या दाखल्यावर आडनावाचा रकाना भरावाच लागतो, मग कारकून सॉ लाच आडनाव करतो, आणि बापलेक, भाऊभाऊ, शेजारीपाजारी सगळे एका आडनावाचे होतात. मी इतकी वर्षं दाखले लिहिले आहेत. त्या रकान्यात एखाद्या समाजाचं सगळं नाव असं अडकून बसेल, हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं.

न्याहारी झाल्यावर घराखाली सुपारी सोलायला बायका जमल्या. एका लाकडी ठोकळ्यात पातं उभं रोवलेलं. वाळलेलं फळ त्यावर दाबायचं, मनगटाला एक हिसका, सालपट फाकतं आणि आतली सुपारी टुणकन टोपलीत. आमच्याकडे दिवेआगर-श्रीवर्धनला ऊन देऊन महिना-दीड महिना वाळवलेल्या फळाची सुपारी सोलतात, श्रीवर्धनी रोठा तो तसाच होतो. इथे पिकून वाळवलेली पांढरी करतात, आणि कोवळी फळं उकडून लाल सुपारीही करतात. बहिणीनं पिशवीतून आईचा पितळी अडकित्ता काढला. बायकांनी तो हातोहात फिरवला. त्याची चोच, त्याचे कान, मधली बिजागरी. फी नी तो हातात घेतला, एक सुपारी धरली आणि अशी काही पातळ, कागदासारखी कातरली, की आमच्या आईची आठवण झाली.

मग त्यांनी विचारलं, आमच्याकडे किती झाडं आहेत.

दिवेआगरला आमची साडेचारशे पोफळी होती. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आलं, त्या दुपारी तीन तासांत त्यातली बहुतेक आडवी झाली. पोफळीचं झाड वाऱ्याला वाकतं, पण एका मर्यादेनंतर मधूनच काडीसारखं मोडतं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पोचलो तेव्हा वाडीत आकाश दिसत होतं. लहानपणापासून त्या वाडीत आकाश कधी दिसलंच नव्हतं. मी काकांना हिंदीत सांगत गेले, ते करेन भाषेत आजींना सांगत गेले. ऐकून घेतल्यावर फी नी एवढंच विचारलं, "फिर लगाया?"

लावली का परत? बहिणीनं मान हलवली. काही लावली, सगळी नाही. पोफळ लावल्यापासून फळ धरायला सहा-सात वर्षं जातात. आम्ही दोघी साठीच्या, मुलं शहरात. कोणासाठी लावायची, असं म्हणून निम्मी वाडी तशीच पडली होती. हे सगळं आम्ही बोललो नाही. पण आजींनी ओळखलं असावं. त्या उठल्या, काठी घेतली आणि आम्हाला मागच्या आगरात घेऊन गेल्या. एका ओळीत हात लावून दाखवू लागल्या : ही झाडं त्यांच्या सासऱ्यांनी लावलेली, ही नवऱ्यानं, ही मुलानं आणि ही गुडघ्याएवढी दोन ओळी रोपं गेल्या पावसाळ्यात त्यांनी स्वतः. ऐंशीच्या पुढे.

दुपारी जेवायला भात, मासळीचं पातळ कालवण, मिठात मुरवलेल्या बांबूच्या कोंबांची भाजी आणि नप्पी. आमच्याकडे पावसाळ्यात वास्त्याची भाजी होते, तेव्हा कोंब ओळखीचेच. नप्पी म्हणजे बारीक कोळंबी मीठ लावून, कुटून, उन्हात आंबवून केलेला गोळा. वाटीचं झाकण काढलं आणि मला दिवेआगरच्या किनाऱ्यावर वाळत घातलेल्या जवळ्याचा वास आला, फक्त दहापट दाट. बोटाच्या पेराएवढी नप्पी मिरची-लसणाबरोबर ठेचून भातात कालवायची. पहिला घास जड गेला. तिसऱ्या घासाला मी वाटी पुन्हा मागितली, आणि काकूंच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला तो अजून डोळ्यांपुढे आहे. बाहेरचे पाहुणे बहुतेक ती वाटी बाजूला सारतात, असं त्या नंतर म्हणाल्या.

संध्याकाळी काका मोकळेपणानं बोलले. अंदमानात करेनांना इतर मागास वर्गात धरलं आहे. त्यांची मागणी अनुसूचित जमातीच्या दर्जाची आहे. जमिनीचे तुकडे लहान, कुटुंबं वाढलेली. शिकलेली मुलं पोर्ट ब्लेअरला नोकरीला जातात, काही हॅवलॉकला डायव्हिंगच्या बोटींवर. समुद्र आणि जंगल दोन्ही कळणारी ही माणसं वंडूरच्या अभ्यास केंद्रात कितीतरी वर्षं शास्त्रज्ञांबरोबर काम करत आली आहेत. मगरी कुठे अंडी घालतात, कोणत्या बेटावर कोणत्या वाऱ्याला उतरता येतं, हे त्यांच्याकडून शिकूनच पुढचे अभ्यास झाले. माझ्या शेजारच्या मुलीनं हे मला आधीच सांगितलं होतं आणि सांगताना तिचा आवाज बदलला होता.

मी विचारलं, ब्रह्मदेशात कोणी आहे का अजून? इरावतीच्या मुखाचा प्रदेश इथून साधारण चारशे-साडेचारशे किलोमीटरवर. चेन्नई त्याच्या दुपटीहून लांब. काका म्हणाले, आजोबांच्या काळी पत्रं यायची. मग तिकडे करेनांची लढाई सुरू झाली. ती १९४९ मध्ये पेटली आणि अजून विझलेली नाही. पत्रं थांबली. "हम लोग इधर आराम से है," ते म्हणाले, आणि थोड्या वेळानं, "उधर का सोचता तो नींद नहीं आता."

चौथा दिवस : रविवार, १२ जानेवारी

रविवारी वेबीत कोणी कोयतीला हात लावत नाही. इथे तिला 'दाव' म्हणतात. सकाळी चर्चची घंटा झाली आणि पायवाटांवरून लोक निघाले. बायकांनी हातमागाच्या लुंग्या नेसलेल्या, खांद्याला विणलेल्या झोळ्या, झोळीत गीतांचं पुस्तक. लग्न न झालेल्या दोन मुली पायघोळ पांढऱ्या झग्यात होत्या. करेनांमध्ये तो कुमारिकेचा पोशाख आहे. फी नी आदल्या रात्री पेटीतून काढून ठेवलेली काळी चोळी घातली होती. तिच्यावर लाल दोऱ्याचं भरतकाम आणि मधूनमधून रानजोंधळ्याचे टणक, पांढरे मणी टाचलेले. प्रत्येक मण्याला आपोआप भोक असतं, सुई थेट आत जाते. मी जवळून पाहिले : काही मणी पिवळे पडलेले, काही नवे. तुटला की नवा लावायचा, चोळी तीच. ती त्यांच्या सासूबाईंची होती.

गाणं सुरू झालं. वाद्यात एक गिटार, बाकी सगळे गळे. पुरुषांचा खालचा सूर, बायकांचा वरचा आणि मधले दोन. चार पदर एकमेकांत विणलेले आणि कोणीही शिकवल्यासारखं गात नव्हतं. शब्द एकही कळत नव्हता. मी देवळात वाढलेली बाई, आमच्या घरी काकड आरती असायची. पहाटेच्या आरतीला गावातला प्रत्येक जण आपापल्या पट्टीत गातो आणि तरी ते एक होतं. इथे प्रत्येकाला आपली पट्टी ठरवून दिलेली आहे. दोन्हीकडे डोळे भरून येतात ते मात्र एकाच जागी.

प्रार्थना संपल्यावर मागच्या खोलीत मुलांचा वर्ग भरला. इथेच मला जायचं होतं. इथली मुलं रोजच्या शाळेत हिंदी-इंग्रजीतून शिकतात. स्वतःची लिपी शिकायची ती अशा वर्गांतून. फळ्यापुढे वीस-बावीस मुलं आणि एक तरुण शिक्षिका. शिक्षकाला 'थरा' म्हणतात, बाईंना 'थरामू'. थरामूनं छडीनं फळ्यावरचं पहिलं अक्षर दाखवलं. ब्रह्मदेशी वळणाची गोल गोल अक्षरं, मला चित्रासारखी. मुलांनी एका सुरात म्हटलं. दुसरं. तिसरं. पाचव्या अक्षरापाशी मी बाकावरून उठलेच.

मुलं म्हणत होती : क, ख, ग, मग घ च्या जागी घशातून घासून येणारा एक उच्चार, आणि नंतर स्पष्ट, नाकातला, ङ.

मी थरामूला हिंदीत म्हटलं, पुन्हा म्हणायला सांगाल? मुलांनी पुन्हा म्हटलं. पुढे च-वर्गाच्या जागी स सारखे उच्चार आले, पण नंतर त, थ, द, न. प, फ, ब, म. य, र, ल, व. तोच क्रम. एकतीस वर्षं दर जूनमध्ये मी फळ्यावर हाच क्रम लिहीत आले. ही लिपी १८३०च्या दशकात मिशनऱ्यांनी ब्रह्मदेशी अक्षरांवरून करेन भाषेसाठी बसवली; १८५३ पर्यंत सगळं बायबल तिच्यात उतरलं होतं. पण ब्रह्मदेशी अक्षरं तिथल्याच मोन लोकांकडून आलेली, आणि मोनांची दक्षिण भारतातून समुद्रमार्गे गेलेल्या अक्षरांतून. ज्या ब्राह्मीतून आपली देवनागरी आली, तिचीच ही दूर गेलेली फांदी. कंठापासून ओठांपर्यंत ध्वनी लावण्याचा तो जुना हिशेब तिनं सोडलेला नाही. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. सात वर्षांच्या पोरांच्या तोंडून ऐकणं निराळं.

थरामूनं मला फळ्यापाशी बोलावलं. मी तिच्या अक्षरांखाली देवनागरी लिहीत गेले : तिचा क, माझा क. तिचा म, माझा म. मुलं ओरडून सांगत होती. स्वरांची चिन्हंही तशीच, अक्षराच्या वर, खाली, बाजूला, काना-मात्रा-उकाराची युक्ती. मात्र त्यांच्याकडे आणखी एक गोष्ट आहे जी आपल्याकडे नाही. एकच अक्षर वरच्या सुरात, खालच्या सुरात किंवा आखडून म्हटलं की अर्थ बदलतो, आणि त्या सुरांसाठी अक्षरापुढे वेगळ्या खुणा असतात. मला त्या म्हणता येईनात. पहिल्या बाकावरची एक मुलगी माझ्याजवळ आली, माझ्या हनुवटीला बोट लावलं आणि सूर कुठे खाली न्यायचा ते दाखवलं. पाच-सहा वेळा चुकल्यावर जमलं. सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. त्यानंतर गावात मुलं मला थरामूच म्हणायला लागली.

त्या मुलीनं वहीचं पान फाडून त्यावर माझं नाव तिच्या लिपीत लिहून दिलं. ते आता माझ्या देवघरातल्या खणात आहे.

पाचवा दिवस : सोमवार, १३ जानेवारी

सकाळी डुंगीतून खाडीत गेलो. एकाच ओंडक्यातून कोरलेली ही होडी. काकांच्या वडिलांनी कोरलेली. दोन्ही बाजूंनी खारफुटीची मुळं, मधे हिरवं पाणी, आणि मगर असण्याची शक्यता असल्यानं हात आत ठेवायची ताकीद. खंड्या पाहिला, दोन तास शांत बसलो, परत आलो.

रात्री करमाटांगच्या किनाऱ्यावर. मायाबंदरपासून तेरा-चौदा किलोमीटर. डिसेंबर ते मार्चच्या दरम्यान इथे कासवं अंडी घालायला येतात आणि वनखात्याची माणसं रात्री पहारा करतात. पाहऱ्यावरच्या माणसाबरोबर आम्ही काळोखात बसून राहिलो. साडेअकराच्या सुमाराला पाण्यातून एक काळा दगड वर सरकला. ऑलिव्ह रिडले. थबकत, वाळू ढकलत ती भरतीच्या रेषेच्या वर आली, मागच्या वल्ह्यांनी खड्डा केला. ती अंडी घालायला लागल्यावरच पाहऱ्यावरच्या माणसानं लाल उजेड धरला. पिंगपाँगच्या चेंडूसारखी, ओलसर, मऊ कवचाची अंडी, दोन-दोन, तीन-तीन. त्यानं मोजली : एकशे नऊ. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते शरीरातलं मीठ बाहेर टाकण्यासाठी असतं, हे मला माहीत आहे. तरीही बहिणीनं पदर डोळ्याला लावला.

आमच्या रत्नागिरीत वेळासला २००२ पासून गावकरी हेच काम करतात. याच जातीची कासवं, तिथला समुद्र फक्त दुसरा. वेळासलाही आधी अंडी खाल्ली-विकली जात. पाहऱ्यावरचा माणूस म्हणाला, त्याचा आजा अंडी खायचा. तो स्वतः मोजतो. मी त्याला वेळासबद्दल सांगितलं. तिथे पिल्लं समुद्रात सोडताना बघायला पुण्यामुंबईहून माणसं येतात, गावकऱ्यांच्या घरी उतरतात, म्हटल्यावर त्यानं बारीकसारीक प्रश्न विचारले. एका घरात किती माणसं? जेवण काय देतात? कोण ठरवतं? आम्ही पहाटे दोनपर्यंत बोलत होतो. करमाटांगला मराठी माणसांनी यावं, असं मला मनापासून वाटतं. मात्र थोड्यांनी, रात्री गप्प बसायची तयारी ठेवून, आणि वाटीतली नप्पी बाजूला न सारता.

सहावा दिवस : मंगळवार, १४ जानेवारी

आज संक्रांत. घरून निघताना बहिणीनं तिळगुळाचा डबा बांधून घेतला होता. सकाळी आवरून आम्ही दोघींनी घरातल्या सगळ्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला. लहान मुलांपासून सुरुवात केली आणि शेवटी फी ना वाकून नमस्कार केला. "तिळगूळ घ्या, गोड बोला" म्हणजे काय, ते काकांना हिंदीत सांगितलं. त्यांनी आजींना सांगितलं. वडी तोंडात घोळवत त्या काहीतरी बोलल्या, काका हसले आणि म्हणाले, "बोलती है, हमारा बोली में मीठा बोलने के लिए सुर ठीक पकड़ना पड़ता है." मी कालपरवा शिकलेला एकच शब्द सूर सांभाळून म्हटला : ता ब्लू. आभार. आजींनी मान डोलावली.

मग त्यांनी काठी टेकत आगरातून काहीतरी आणलं. चार सुपाऱ्या, पूर्ण पिकलेल्या, शेंदरी, देठासकट, धनीपत्तीत बांधलेल्या. खायला नव्हे, बियाण्याला. कोणत्या झाडाच्या, तेही दाखवलं. ओळीतलं तिसरं, सासऱ्यांनी लावलेलं. रोप करताना फळ आडवं ठेवायचं नाही, देठ वर, उभं पुरायचं, हे त्यांनी मुठीत मुठ धरून दोनदा दाखवलं. आमच्या आईनंही असंच दाखवलं होतं.

रंगतपर्यंत बसनं आणि तिथून बोटीनं पोर्ट ब्लेअर. बहिणीनं ती पुरचुंडी सगळा वेळ मांडीवर धरली होती.

फेब्रुवारीत दिवेआगरला गेलो तेव्हा विहिरीच्या कडेला, सावलीत, वाळूमातीच्या वाफ्यात चारही उभ्या पुरल्या, वरून पेंढा अंथरला. बहीण तिथेच राहिली, रोज पाणी घालायला. १२ एप्रिलला सकाळी तिचा फोन आला. तीन रुजल्या होत्या. त्याच आठवड्यात तिनं पडीक राहिलेल्या निम्म्या वाडीत खड्डे घ्यायला माणूस लावला.